उसाला भिणारी गाडी

दिवाळी अंकासाठी 'वर्कशॉपमधल्या गमतीजमती' लिहून द्या, असा निरोप मागच्या वर्षीच आला होता. मला आनंद झाला होता. चौतीस वर्षं काढली, आधी गाड्यांखाली झोपून आणि मग गाड्यांपुढं उभं राहून, गमतींना काय तोटा? पण लिहायला बसलो की दर वेळी एकच पांढरी गाडी डोळ्यांपुढं येऊन उभी राहायची आणि पेन अडायचं. त्या गाडीत गंमत काही नाही. या वर्षी तिच्यावर लिहायचंच आहे, पण आधी दोन-तीन गमती सांगून घेतो. अवघड गाडी जेवणानंतर घ्यायची, ही माझी जुनीच सवय आहे.

धाराशिवात मला लोक 'मिस्त्री' म्हणतात. गावाचं नाव उस्मानाबाद होतं तेव्हापासून एसटी स्टँडामागच्या एका गॅरेजात मी जीपगाड्यांची इंजिनं उतरवत होतो. पुढं हायवेला एका कंपनीचं मोठं शोरूम झालं आणि त्याच्या मागं वर्कशॉप. भूम-परांड्यापर्यंतचं गिऱ्हाईक मला ओळखतं, म्हणून त्यांनी मला बोलावून घेतलं, इस्त्रीचा शर्ट दिला, छातीवर नावाची पट्टी लावली आणि 'सर्व्हिस ॲडव्हायझर' करून टाकलं. घरी बायको म्हणाली, "म्हंजी आता हात काळे न्हाय व्हायचे?" मी ऐटीत म्हणालो, "न्हाय." हात काळे झाले नाहीत हे खरं आहे.

या नोकरीत काय करायचं, ते बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. दवाखान्यात केसपेपर काढतात तसंच हे. गाडी आली की सामोरं जायचं, मालकाचं गाऱ्हाणं ऐकायचं आणि ते एका कागदावर उतरवायचं. त्याला जॉबकार्ड म्हणतात. मालक बाहेर एसीत चहा पीत बसतो, आतल्या मेकॅनिकची आणि त्याची भेट होत नाही. मेकॅनिक फक्त कागद वाचतो. कागदावर नाही ते तो बघणार नाही. म्हणून पहिल्याच दिवशी एक नियम शिकवतात : तक्रार मालकाच्याच शब्दांत लिहायची. गाडी खोकते म्हणाला तर 'खोकते' लिहा, आपली अक्कल मध्ये घालू नका. मी हा नियम नव्या पोरांना कितीतरी वेळा शिकवला आहे.

गेल्या काही वर्षांत गाड्या बदलल्या. उंच, भारदस्त, अख्खं खटलं मावेल अशा गाड्या आल्या आणि त्यांना डोळे, कान, नाक सगळं आलं. तेव्हापासून खऱ्या गमती सुरू झाल्या. भूमच्या एका गुरुजींनी बायकोला आठवडी बाजारात सोडलं आणि तसेच पुढं शेतावर गेले. किल्ली बायकोच्या पिशवीत, मेथीच्या जुडीखाली. या गाड्यांना किल्ली भोकात घालावी लागत नाही, जवळ असली की पुरे. आणि एकदा इंजिन चालू झालं की किल्ली लांब गेली तरी ते चालूच राहतं. गुरुजींनी शेतात गाडी बंद केली आणि मग ती काही केल्या चालू होईना. मला फोन आला, "मिस्त्री, गाडी मेली."

"गुरुजी, मंडळी कुठं हायत?"

"बाजारात."

"मग गाडीचा जीव बी बाजारातच हाय. जाऊन घेऊन या."

परांड्याकडच्या एका पाटलांची गाडी पांढऱ्या पट्ट्यावर चाक गेलं की स्टिअरिंगला आपोआप हिसका द्यायची. काचेच्या वरच्या अंगाला एक कॅमेरा असतो, तो पट्टे बघतो आणि गाडी सरळ करतो. पाटलांना वाटलं गाडीत कुणीतरी आहे. त्यांनी लिंबू उतरून टाकलं, गाडी सोनारीला नेऊन काळभैरवनाथापुढं उभी केली आणि काचेला आतून-बाहेरून अंगारा फासला. अंगारा नेमका कॅमेऱ्यापुढं बसला, कॅमेरा आंधळा झाला आणि हिसके थांबले. पाटील आजही भैरोबाचा गुण आला म्हणतात. मीही कधी खोडून काढलं नाही.

हे किस्से मी इतक्या वेळा सांगितले की पुण्याहून आलेले इंजिनिअरसुद्धा जेवताना म्हणायचे, मिस्त्री, तो मेथीच्या जुडीचा सांगा. त्यातून मला एक गोष्ट पक्की वाटायला लागली. गाडी चुकत नाही, चुकतो तो मालक. हे मी कुणाकडून शिकलो नव्हतो. हसून-हसून आपोआप अंगात मुरलं होतं.

आता ती पांढरी गाडी.

आमच्याकडं नवी गाडी घेतली की तिच्या नाकावर देव बसतो. तुळजापूरच्या बाजूची माणसं कवड्यांची माळ बांधतात. परांडा-भूमकडची सोनारीच्या भैरोबाचा पितळी मुखवटा लावतात, तळहाताएवढा, चांगला जड. जीपच्या जमान्यात ते काम माझ्याकडं असायचं. मिस्त्रीनं बसवलेला देव खड्ड्यात पडत नाही, अशी ख्याती होती. ॲडव्हायझर झालो तरी हे एक काम मी सोडलं नाही. नवी गाडी द्यायच्या वेळी घरची सगळी माणसं जमलेली असायची, पेढे फिरत असायचे आणि मी इस्त्रीच्या बाह्या वर सारून स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचो. तेवढ्यापुरता मी पुन्हा मिस्त्री व्हायचो, आणि ते मला फार आवडायचं.

मधल्या काळात कंपनीनं आम्हाला पुण्याला शिबिराला नेलं होतं. तिथं शिकवणाऱ्यानं पडद्यावर गाडीचं नाक उघडून दाखवलं. जाळीच्या मागं एक चपटी काळी डबी असते. ते रडार. पुढं काही आडवं आलं आणि माणसानं ब्रेक दाबला नाही, तर ही डबी स्वतः ब्रेक मारते. शिकवणारा म्हणाला, "हिच्या पुढं काही लावू नका, हिच्या पट्टीला हात लावू नका. इथं केसभर वाकडी झाली तर लांबवर शेजारच्या लेनमधलं बघायला लागते." मी मागच्या बाकावरून म्हणालो, "साहेब, आमच्याकडं तिथं देव असतो." सगळा वर्ग हसला. शिकवणाराही हसला. जेवणाची वेळ झाली होती, विषय तिथंच राहिला. वहीत मी काहीही लिहून घेतलं नाही.

गाडी होती शैलजा मॅडमची. ढोकीजवळच्या एका शाळेत त्या शिक्षिका. सोळा वर्षं एसटीनं जाऊन-येऊन केलेलं. चाळिशी उलटल्यावर गाडी शिकल्या आणि स्वतःच्या पगारावर ही गाडी घेतली. कागद त्यांच्या नावाचा. त्यांचे यजमान राजशेखर शेठ, मोंढ्यात धान्याची आडत, मला जीपच्या दिवसांपासून ओळखणारे. गाडी देताना फोटो काढतात, मोठी पुठ्ठ्याची किल्ली मालकाच्या हातात देतात. मी ती शेठच्या हातात दिली. मॅडम बाजूला उभ्या होत्या, त्या हसल्या. मला त्यात वावगं काही दिसलं नाही, तेव्हा दिसायचंच नाही.

शेठच्या आई, त्यांना सगळे आक्का म्हणायचे, पदरात काहीतरी धरून पुढं आल्या. "मिस्त्री, ह्यो भैरोबा बसवा नाकावर. म्या सोनारीहून आणलाय. सुनंची गाडी हाय, रोज रस्त्यावर जाणार. नीट आवळा."

मी जाळीतून हात आत घातला. जाळी प्लास्टिकची, तिला स्क्रू धरेना. चाचपडताना मागं एक आयती लोखंडी पट्टी हाताला लागली. तिलाच लांब स्क्रू घातला आणि मुखवटा आवळला. जड होता म्हणून आणखी दोन आटे आवळला. ती पट्टी कशाची हा प्रश्न मला पडलाच नाही, असं मी पुढं स्वतःला कितीतरी दिवस सांगत होतो. ते खोटं आहे. क्षणभर पडला होता. पण आक्का हात जोडून उभ्या होत्या, शेठ मोबाईलवर व्हिडिओ काढत होते, आणि सगळ्यांपुढं स्क्रू परत काढायला मला कमीपणा वाटला.

दिवाळीनंतर कारखान्यांची धुराडी पेटली आणि महिनाभरात मॅडम वर्कशॉपला आल्या.

"मिस्त्री, गाडी आपोआप ब्रेक मारते."

"कुठं?"

"ढोकीच्या रस्त्याला. उसाची ट्रॉली असली की. तिला ओलांडून पुढं जाताना, बाजूनं चाललेली असते मी, पुढं रस्ता मोकळा असतो. अन् एकदम गाडी जागेवर आवळते."

मी आजूबाजूला बघितलं. दोघं मेकॅनिक ऐकत होते. मला राहवलं नाही. "मॅडम, गाडी उसाला भिते म्हणा की."

सगळे हसले. मॅडमही थोड्या हसल्या, चारचौघांत हसतात तशा. जॉबकार्डवर मी दोन शब्द लिहिले, 'ब्रेक तपासणे'. मेकॅनिकनं ब्रेक तपासले, उत्तम होते. स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणजे गाडीला विचारायचं यंत्र, तुला काय होतंय म्हणून. गाडी म्हणाली, काही नाही. तिच्या दृष्टीनं काही नव्हतंच. तिला मोठी, संथ चाललेली वस्तू दिसत होती आणि ती इमानेइतबारे ब्रेक मारत होती. फक्त नाक वाकडं झाल्यामुळं बाजूचं तिला समोर दिसत होतं. हे मला आज कळतं. तेव्हा 'दोष आढळला नाही' लिहून मी गाडी धुऊन परत दिली.

पंधरा दिवसांनी त्या पुन्हा आल्या. या वेळी हातात शाळेची दुरेघी वही. प्रत्येक वेळेचं त्यांनी लिहून ठेवलं होतं : कुठल्या फाट्याजवळ, वेग किती, ट्रॉली कुठल्या बाजूला, मागं कोण होतं. मी दोन पानं उलटली. "मॅडम, गाडीची हजेरी घेता का काय रोज?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही माझ्याबरोबर चला. आत्ता. ढोकीपर्यंत जाऊन येऊ, दिसंल तुम्हाला."

जेवायची वेळ झाली होती. मी म्हणालो, तुम्ही बसा, मी बघून येतो. आणि एकटाच गाडी घेऊन हायवेला चक्कर मारून आलो. चौपदरी रस्ता, भर दुपार, एकही ट्रॉली नाही. गाडी लोण्यासारखी चालली. वही टेबलावर तशीच उघडी होती, ती मिटून मी त्यांच्या हातात दिली.

तिसऱ्या वेळी शेठ बरोबर आले. मॅडम पाणी प्यायला कूलरजवळ गेल्या आणि शेठ माझ्या टेबलावर वाकून हळू आवाजात म्हणाले, "मिस्त्री, आपल्या आपल्यात खरं सांगा. गाडीत काय हाय का, का हिच्यात?"

इतक्या वर्षांत मला कुणी हा प्रश्न असा विश्वासानं विचारला नसेल. माहीत नाही म्हणायला जीभ वळली नाही. मी म्हणालो, "शेठ, गाडी चोख हाय. मोठी ट्रॉली बघून मॅडमचा पाय ब्रेकवर जात असंल, त्यांना कळत नसंल. नव्या ड्रायव्हरचं व्हतं असं."

कूलर टेबलापासून सहा पावलांवर होता. मॅडम ग्लास हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी ग्लास खाली ठेवला, आल्या, पर्समधून किल्ली काढली. शेठनी हात पुढं केला होता. त्यांनी किल्ली शेठच्या हातात दिली नाही, माझ्या टेबलावर ठेवली आणि चालत फाटकाबाहेर गेल्या. मी जॉबकार्डवर लिहिलं : 'चालवण्याच्या सवयीमुळे. गाडीत दोष नाही.' सही केली.

दुसऱ्या दिवसापासून त्या परत एसटीनं जायला लागल्या. मी सकाळी स्टँडावरून जायचो, त्या ढोकीच्या गाडीला उभ्या असायच्या. मी नमस्कार करायचो, त्याही करायच्या. लाज वाटते सांगायला, पण तेव्हा मला बरंच वाटायचं. एक अपघात टळला आपल्यामुळं, असं मनात यायचं.

हंगाम संपला, ट्रॉल्या रस्त्यावरून दिसेनाशा झाल्या. शेठ गाडी चालवायचे, तुळजापूर, सोलापूर, लग्नकार्यं, सगळं चौपदरी हायवेनं. गाडीनं एकदाही त्रास दिला नाही. भेटले की म्हणायचे, "तुमचं बराबर निघालं बघा मिस्त्री." मी मान डोलवायचो.

पुढच्या वर्षी परत धुराडी पेटली. एका रविवारी दुपारी शेठ, मॅडम आणि आक्का लग्नाहून परत येत होते. ढोकीच्या अलीकडं शेठनी उसाच्या ट्रॉलीला ओलांडायला घेतलं आणि ट्रॉलीच्या बाजूला असताना गाडी एकदम आवळली. मागून दुधाचे कॅन घेऊन येणारा मोटारसायकलवाला गाडीवर आदळला. त्याचा हात मनगटात मोडला, कॅन उलटे झाले, रस्ता पांढरा झाला. शेठनीच त्याला दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉप उघडायच्या आधी शेठ दारात उभे होते. रात्रभर झोपलेले दिसत नव्हते. म्हणाले, "मिस्त्री, माझा पाय ब्रेकवर नव्हता. देवाशप्पथ. ॲक्सिलरेटरवर व्हता."

मी म्हणालो, "बसा." कोरं जॉबकार्ड ओढलं आणि लिहायला लागलो. ट्रॉलीच्या बाजूनं जाताना गाडी आपोआप ब्रेक मारते, पाय ॲक्सिलरेटरवर असतो. शब्दाला शब्द, त्यांच्याच शब्दांत. अर्ध्या ओळीत माझा हात थांबला. हेच शब्द मी आधी तीनदा ऐकले होते, आणि एकदाही लिहिले नव्हते. शेठना मी एक उलटा प्रश्नही विचारला नव्हता. त्यांनी सांगितलं आणि ते खरं झालं. शेठ म्हणाले, "काय झालं?" मी म्हणालो, "काय न्हाय, पेन अडलं."

पुण्याहून इंजिनिअर आला. त्यानं नाकाची जाळी उतरवली. रडारची पट्टी एका अंगाला ओढली गेली होती, आणि तिच्यात माझा लांब स्क्रू होता. तो स्क्रू मी हजार स्क्रूंत ओळखला असता. इंजिनिअरनं मुखवटा हातात धरून विचारलं, "हे कोणी बसवलं?"

शेठ त्या वेळी तिथं नव्हते. मेकॅनिक माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "मालकाच्या घरचा देव आहे तो."

यात एक शब्द खोटा नाही. इंजिनिअरनं अहवालात लिहिलं, 'मालकाने बाहेरून बसवलेल्या वस्तूमुळे'. खाली ॲडव्हायझरची सही लागते. मी केली. पट्टी बदलली, रडार सरळ केलं, मुखवटा प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत दिला.

गाडी न्यायला शेठ आणि आक्का आले होते. शेठनी तो अहवाल वाचला आणि माझ्याकडं बघितलं. त्यांना आठवत होतं कुणी बसवला ते, त्यांच्याकडं व्हिडिओ होता. पण भिडस्त माणूस, अहवालाची घडी करून खिशात घातली. देवापायी झालं म्हणून माझं नाव कशाला घ्यायचं, असं त्यांना वाटलं असेल. आक्का मात्र खुर्चीत बसून रडायला लागल्या. "माझंच चुकलं. म्याच हट्ट केला. त्या लेकराचा हात मोडला. देवाचं कराय गेले अन् हे झालं."

मी त्यांना पाणी दिलं. म्हणालो, "असू द्या आक्का, व्हतं असं." आयुष्यात मी बऱ्याच गाड्या वाईट दुरुस्त केल्या असतील, पण त्या वाक्याइतकं वाईट काम माझ्या हातून दुसरं झालं नाही. 'आक्का, स्क्रू माझा हाय' एवढं म्हणायचं होतं. चार शब्द.

वर्षभरात मी निवृत्त झालो. सत्कार झाला, शाल-नारळ मिळालं, कुणीतरी मेथीच्या जुडीचा किस्सा सांगितला, सगळे हसले. मग अंकाचा निरोप आला, आणि पेन अडायला लागलं.

शेवटी गेल्या माघात एका शनिवारी सकाळी मी ढोकीची एसटी धरली. शाळा सुटायच्या वेळेला फाटकाशी उभा राहिलो. मॅडम बाहेर आल्या, मला बघून थांबल्या. पोरं पांगेपर्यंत आम्ही लिंबाखाली उभे होतो. मी सगळं सांगितलं. पुण्याचा तो शिकवणारा, लोखंडी पट्टी, स्क्रू, न वाचलेली वही, अहवालावरची सही. काही गाळलं नाही. मान वर करून बोलता येत नव्हतं, त्यांच्या चपलांकडं बघून बोललो.

त्यांनी हातातली पर्स खांद्याला अडकवली. मग म्हणाल्या, "आक्का गेल्या मागच्या साली."

मला हे माहीत नव्हतं.

"शेवटपर्यंत त्यांनी तो मुखवटा देवघरात ठेवला न्हाय. धान्याच्या कोठीत फडक्यात बांधून ठेवला व्हता. सोनारीला जायच्या बंद झाल्या. म्हणायच्या, कुठल्या तोंडानं जाऊ?"

मी म्हणालो, "मॅडम, माझं चुकलं. मला माफ करा." त्यांच्या पाया पडायला मी वाकलो, पण त्या मागं सरकल्या.

"माझं म्हणाल तर," त्या म्हणाल्या, "अपघात झाल्यावर ह्यांनी स्वतःच किल्ली आणून माझ्यापुढं ठेवली. मी महिनाभर हात लावला न्हाय. मग बसले. पण मिस्त्री, गाडी नीट झाली तरी लई दिवस मला वाटायचं, माझाच पाय गेला असंल का तेव्हा? मी चालवताना खाली वाकून बघायची, पाय कुठं हाय म्हणून. स्वतःच्या पायावर विश्वास ठेवायला मला वर्ष लागलं. ते तुमच्या एका वाक्यानं झालं. तुमचा स्क्रू मी इसरून जाईन. ते वाक्य न्हाय इसरायची."

मी पुन्हा हात जोडले.

"माफी नको मला. लिहून द्या."

"काय?"

"तेव्हा लिहिलं न्हाय ते. चार माणसं वाचतील असं. अन् माझ्या शब्दांत."

म्हणून हे लिहिलं आहे. आणि ज्या कागदावर ते यायला हवं होतं तो आता मिळायचा नाही, म्हणून इथं लिहितो. मालकीण : शैलजा मॅडम. तक्रार : उसाच्या ट्रॉलीला ओलांडून जाताना, पुढं रस्ता मोकळा असताना, गाडी आपोआप ब्रेक मारते. माझा पाय ब्रेकवर नसतो. कारण : रडारच्या पट्टीला ॲडव्हायझरने आवळलेला स्क्रू. आक्कांचा आणि भैरोबाचा काही दोष नाही. सही माझी.

त्या दिवशी मी एसटीसाठी फाट्याकडं निघालो तर मागून हॉर्न वाजला. पांढरी गाडी. मॅडमनी काच खाली केली. "बसा. धाराशिवलाच चाललेय." मी नको म्हणालो. त्या म्हणाल्या, "तेव्हा मी या म्हणाले व्हते, आला न्हाईत. आता तरी या."

मी डाव्या बाजूला बसलो, पट्टा लावला. मैल-दीड मैलावर पुढं उसाची ट्रॉली लागली. एकामागं एक दोन, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर लोंबलेला, ट्रॅक्टर डुलत चाललेला. मॅडमनी आरशात बघितलं, इंडिकेटर दिला आणि गाडी उजवीकडं घेतली. ट्रॉली माझ्या खिडकीला आली, उसाचं पाचट काचेवर घासतं की काय इतकी जवळ. पुढं रस्ता मोकळा होता. गाडी एका चालीत चालली होती.

मॅडमनी नजर रस्त्यावरून न हलवता म्हटलं, "मिस्त्री, खाली बघा."

मी बघितलं. माझा उजवा पाय पायपुसण्यावर टाचेपर्यंत रेटलेला होता, गुडघा ताठ झाला होता. केव्हा गेला ते मला कळलं नव्हतं.

"ब्रेक इकडं हाय," त्या म्हणाल्या. "अन् माझा पाय त्याच्यावर न्हाय."

मी पाय मागं घेतला. ट्रॉल्या मागं पडल्या होत्या.